बासष्ट नंबरची किल्ली

पोहण्याच्या तलावाच्या खिडकीत बसून थोरलीला एकोणीस वर्षं झाली होती. खिडकी म्हणजे भिंतीतलं चौकोनी भोक. पुढे लाकडी फळी, पाठीशी नव्वद खुंट्यांचा बोर्ड आणि खुंट्यांवर नव्वद लॉकरच्या किल्ल्या. येणाऱ्यानं नाव सांगायचं, थोरलीनं वहीत खूण करून एक किल्ली पुढे सरकवायची. पोहून झालं की किल्ली परत फळीवर. काम एवढंच. पण उजव्या हाताला काचेचं दार होतं आणि दारापलीकडे पाणी. पाण्यावरून उठलेला उजेड दिवसभर छतावर वळवळत असे, आणि आतले आवाज कापसातून आल्यासारखे मऊ होऊन बाहेर येत. नवखा माणूस तासाभरात पेंगायला लागला असता. थोरलीला त्या गुंगीतच नीट दिसायचं. कोण आला, कोण गेला, कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाचं घरी भांडण झालंय, सगळं.

"माझ्या खिडकीतून आत गेलेला माणूस माझ्याच खिडकीतून बाहेर पडतो," असं ती म्हणायची. ती फुशारकी नव्हती, नोकरीचं वर्णन होतं.

मग तलावाच्या समितीनं ठरवलं की वही पुरे झाली, आता संगणक बसवायचा. प्रोग्राम लिहायचं काम फिरत फिरत आलं ते थोरलीच्याच घरात, तिच्या धाकट्या जावेकडे. धाकटी एका कंपनीत जावा नावाच्या भाषेत प्रोग्राम लिहायची. सासूबाईंनी ही भाषा कोणती म्हणून विचारलं, उत्तर ऐकलं आणि म्हणाल्या, "दोन जावांनी माझे केस पांढरे केले, आता तिसरीही घरात आणा."

धाकटीनं एका रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुन्या कॅलेंडरचं पान उलटं पसरलं आणि थोरलीला समोर बसवलं. थोरली मटार सोलत होती.

"ताई, तुमच्या कामात काय काय असतं ते सांगा. माणसं, वस्तू, सगळं."

"तू प्रोग्राम लिहितेस का माझी चौकशी करतेस?"

"दोन्ही. सांगा."

थोरली सांगत गेली, धाकटी चौकोन काढत गेली. एका चौकोनात बॅच, एकात पोहणारा, एकात किल्ली, एकात लॉकर. "हे नुसते साचे," ती म्हणाली. "यांना क्लास म्हणायचं. 'पोहणारा' नावाचा कुणी माणूस नसतो. या साच्यातून तुमचे साडेदहाच्या बॅचचे टकले काका निघतात, त्या गणिताच्या बाई निघतात. ते ऑब्जेक्ट. खरे, एकेकटे."

"टकले काकांना ऑब्जेक्ट म्हणालीस हे त्यांना सांगू?"

"सांगा. आता यांची नाती." धाकटीनं बाण काढायला सुरुवात केली. बॅचकडून पोहणाऱ्याकडे, पोहणाऱ्याकडून किल्लीकडे, किल्लीकडून लॉकरकडे. "बाण म्हणजे याला तो माहीत आहे. बॅचला तिची माणसं माहीत, माणसाला त्याची किल्ली माहीत, किल्लीला तिचा लॉकर. प्रोग्राममध्ये मधे एकेक टिंब देत असं चालत जायचं. बॅच, टिंब, पोहणारा, टिंब, किल्ली, टिंब, लॉकर."

थोरलीनं पानाकडे पाहिलं. चौकोन एखाद्या घरातल्या खोल्यांसारखे दिसत होते, आणि टिंब म्हणजे मधला उंबरा. या खोलीत गेल्याशिवाय त्या खोलीत जाता येत नाही. तिला ते आवडलं, पण तिनं तसं दाखवलं नाही.

"आणि उलटं यायचं असेल तर? लॉकरकडून माणसाकडे?"

"त्यासाठी वेगळा बाण काढावा लागतो. आपोआप होत नाही. लागतं का कधी?"

थोरलीनं विचार केला. "नाही. माणूस समोर उभाच असतो. लॉकरला कशाला विचारू?"

"बरं. पोहणाऱ्यांचे प्रकार? सभासद हा एक प्रकार झाला. आणखी?"

"सगळे सभासदच."

"आणि एकाकडे किल्ल्या किती?"

"एकच," थोरली म्हणाली. "कपडे एका माणसाचे, किल्ली एक. दोन कशाला देईन?"

धाकटीनं बाणाच्या टोकाशी एकचा आकडा लिहिला. तिनं तो जरा ठसठशीत काढला, कारण घरातल्या कुठल्याही गोष्टीवर थोरली इतक्या ठामपणे बोलली की तो विषय तिथेच मिटत असे.

त्या दुपारी थोरली आडवी झाली तेव्हा पापण्यांच्या आत चौकोन तरंगत होते. निळ्या पाण्यावर पाटासारखे, एकमेकांना दोऱ्यांनी बांधलेले. ती एकावरून दुसऱ्यावर पाय टाकत चालली होती आणि पाय ओला होत नव्हता. मागे वळून पाहिलं तर आलेली वाट नव्हती. तिला त्याची भीतीही वाटली नाही. पुढे जायचं एवढंच ठाऊक होतं.

संगणक चालू झाला तो महिन्याच्या शेवटच्या शनिवारी. धाकटी सकाळी येऊन बसली, आठच्या बॅचला सगळं नीट चाललेलं पाहिलं आणि कंपनीत निघून गेली. जाताना म्हणाली, "किल्ली देताना नाव टाका, नंबर टाका. परत घेतानाही नाव विचारा."

"परत घेताना कशाला? किल्लीवर नंबर असतोच की."

"किल्लीला मालक माहीत नाही, ताई. तुम्हीच नको म्हणालात. नाव दिलंत की तिथून किल्लीपर्यंत जाता येतं."

साडेदहाच्या बॅचला गर्दी होती. थोरली अक्षरं शोधत टाइप करत होती, आणि कळफलकावरून मान वर काढायला तिला सवड नव्हती. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच तिनं आत जाणाऱ्यांचे चेहरे पाहिले नाहीत. फक्त हात दिसले. खिडकीच्या चौकोनात हात यायचा, नाव ऐकू यायचं, किल्ली जायची. पुढचा हात.

बारा वाजून दहा मिनिटांनी शेवटची किल्ली परत आली. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं: बॅच पूर्ण.

यानंतरचा क्रम ठरलेला होता. बारा ते चार तलाव बंद. जीवरक्षक, ज्याला सगळे पाणबुड्या म्हणत, सगळीकडे एक फेरी मारायचा, थोरली बायकांच्या बाजूला हाक देऊन यायची आणि मग पाणबुड्या यंत्राच्या खोलीत जाऊन पाण्यात जंतू मारायचं औषध सोडायचा. औषध जहाल होतं. त्याचा वास मागच्या सगळ्या खोल्यांत भरायचा, म्हणून दारं बाहेरून लावून चार वाजेपर्यंत कुणी फिरकायचं नाही.

थोरली किल्ल्या बोर्डावर लावत होती. एकसष्ट. त्रेसष्ट. चौसष्ट. मधली खुंटी रिकामी होती.

तिनं फळीखाली पाहिलं, खुर्चीखाली पाहिलं, पदर झटकला. मग काचेचं दार उघडून आत हाक मारली, "अरे, बासष्ट कुठाय?"

पाणबुड्या हातमोजे चढवत होता. "बासष्ट काय?"

"किल्ली. परत आली नाही."

त्यानं येऊन पडद्याकडे पाहिलं. "पूर्ण म्हणतोय की, काकू. नेली असेल कुणीतरी खिशात घालून. मागे नाही का त्या काकांनी आठवडाभर खिशात फिरवली?"

"फिरवली. पण ओल्या चड्डीवर नव्हते गेले. लॉकर बघते."

बासष्ट नंबरचा लॉकर बायकांच्या बाजूला होता. बंद. दाराला वरच्या अंगाला हवेसाठी आडव्या फटी होत्या. थोरलीनं डोळा लावला. आत राखाडी स्वेटर घडी करून ठेवलेला. खाली चपलांची एक जोडी, टाचांकडे झिजलेली. स्वेटरवर काडेपेटीएवढी एक पांढरी डबी.

चपला आत आहेत म्हणजे माणूस आत आहे.

"औषधाला हात लावू नकोस," तिनं बाहेर येऊन सांगितलं.

पाणबुड्यानं तिचं तोंड पाहिलं आणि काही न विचारता पाण्यात सूर मारला. थोरली काठावर उभी राहिली. तो तळाशी सरपटत जाताना लांबट आणि हिरवट दिसत होता, आणि छतावरचा उजेड त्याच्यामुळे फाटून पुन्हा जुळत होता. खोल टोकाशी गेला, जाळीपाशी फिरला, परत आला. वर येऊन मान हलवली. पाण्यात कुणी नव्हतं.

थोरलीनं बायकांच्या बाजूला जाऊन हाका मारल्या. शॉवरची दारं एकेक ढकलली. संडास पाहिले. ओल्या फरशीवर तिचाच आवाज भिंतींना लागून परत येत होता.

मग तिनं धाकटीला फोन लावला. धाकटी मीटिंगमधून बाहेर आली असावी, दबक्या आवाजात बोलत होती.

"बासष्ट कुणाकडे आहे ते सांग. लवकर."

"लॉकरवरून नाही सांगता येणार, ताई. बॅच उघडा आणि एकेक नाव उघडून बघा, त्याच्याकडे कुठली किल्ली आहे. परत दिली असेल तर तिथे 'रिकामं' येईल. एक नाव भरलेलं सापडेल."

एक्केचाळीस नावं होती. थोरली एकेक उघडत गेली. टकले काका, रिकामं. दंतवैद्याची बायको, रिकामं. पायाचं ऑपरेशन झालेला शिंपी, रिकामं. गणिताच्या बाई, रिकामं. प्रत्येक नावाशी तो माणूस क्षणभर समोर उभा राहायचा, दोन्ही हात उघडे करून दाखवायचा आणि मागे सरायचा. रिकामे हात, रिकामे हात. एक्केचाळिसावा माणूसही तसाच गेला आणि खोली ओस पडली.

"सगळी रिकामी," ती म्हणाली. "हा डबा खोटं बोलतोय."

पलीकडे धाकटीचा आवाज बदलला. "सगळी रिकामी आणि बासष्ट बाहेर. म्हणजे तिथवर जाणारी वाटच तुटली. किल्ली आहे, लॉकर आहे, पण तिला धरलेलं कुणी नाही."

"असं कशानं होतं?"

"एकाच नावावर दुसरी किल्ली दिली तर. माणसाच्या हातात आपण एकाच किल्लीची जागा ठेवलीय. दुसरी ठेवली की पहिली गळून पडते, आणि प्रोग्राम चूं करत नाही. पण तुम्ही तर म्हणालात की एकाला दोन कधी देतच नाही."

थोरलीनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

महिन्याचा शेवटचा शनिवार. त्या दिवशी सभासदाला एक पाहुणा आणता येत असे. फार कुणी आणत नसत. कुणी आणलाच तर थोरली एक किल्ली काढून द्यायची, वहीत काही लिहायची नाही. रिकामी खुंटी हीच पाहुण्याची नोंद. एकोणीस वर्षं तेच चाललं होतं, आणि ते इतकं अंगवळणी पडलं होतं की धाकटीनं विचारलं तेव्हा पाहुणे तिला आठवलेच नाहीत.

"दिली," ती म्हणाली. "आज दिलीय कुणालातरी. फोन ठेवू नकोस."

पाणबुड्या टॉवेल गुंडाळून दारात उभा होता. "काकू, कोण होतं?"

"गप जरा."

तिनं डोळे मिटले. चेहरा पाहिलेला नव्हता, तेव्हा चेहऱ्याकडून जाता येणार नव्हतं. हातांकडून जावं लागणार होतं. खिडकीचा चौकोन तिनं डोळ्यांपुढे आणला आणि सकाळचे हात पुन्हा त्यात येऊ दिले. केसाळ हात. नेलपॉलिश लावलेला. शिंप्याचा, सुईनं टोचलेल्या बोटांचा. ती घाई करत नव्हती. घाई केली की हात एकमेकांत मिसळत होते. छतावरचा उजेड पापण्यांवरून जात होता, आत कुठेतरी पाणी ठिबकत होतं, आणि हात येत होते, किल्ली घेऊन जात होते.

मग एक हात आला आणि त्यानं दोन बोटं वर केली. तर्जनीला चिकटपट्टी. बोटांच्या पेरांत खडूची पांढरी रेघ, वर्षानुवर्षं धुऊनही न गेलेली. त्या हाताच्या मागे आवाज होता: "दोन दे गं. आधी आमच्या मोठीला."

"गणिताच्या बाई," थोरली म्हणाली आणि डोळे उघडले.

बाई तलावासमोरच्या बाकावर उन्हात बसल्या होत्या. केस वाळवत वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होत्या. थोरली त्यांच्यापर्यंत धावत गेली.

"बाई, तुमची बहीण?"

"येईल. आमच्या मोठीला घाई आवडत नाही. लग्नालाही उशिरा आली होती, स्वतःच्याच."

"बाई, ती आतच आहे आणि हाकेला ओ देत नाही."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "ओ कशी देईल? कानातलं मशीन काढून ठेवते ना पाण्यात जाताना. डबीत. तोफ उडाली तरी ऐकू जायचं नाही तिला."

पांढरी डबी. थोरली अर्धा तास एका बहिऱ्या बाईला हाका मारत होती.

"पोहून झाल्यावर कुठे जाते?"

"थंडी वाजते म्हणाली. म्हटलं, ऊब हवी तर टॉवेलच्या खोलीत बस जरा, मी कपडे करते. आम्ही जुन्या बायका जातोच तिथे. तुला ठाऊक नाही म्हणून आत्ता सांगते, रागावू नकोस."

टॉवेलची खोली यंत्राच्या खोलीला लागून होती. मधल्या भिंतीत वरच्या बाजूला नुसती जाळी. औषध सोडलं की पहिला वास तिथे जायचा. कर्मचाऱ्यांखेरीज कुणी तिथे जायचं नाही असा नियम होता, म्हणून फेरी मारताना कुणी तिथे डोकावत नसे.

थोरली पळाली. एकोणीस वर्षांत तलावाच्या काठावर पळणाऱ्या प्रत्येक पोराला तिनं दटावलं होतं. ओल्या फरशीवर तिचा पाय दोनदा घसरला. पाणबुड्या मागून आला आणि त्यानं दाराला खांदा दिला, पण दार लोटलेलंच होतं.

आत उबदार अंधार होता. दोऱ्यांवर टॉवेल लटकत होते, एकामागे एक, पांढरे, आणि गरम हवेनं सगळे सावकाश हलत होते. थोरली ते हातानं बाजूला सारत गेली. एक सारला की मागे दुसरा. शेवटच्या रांगेमागे धुतलेल्या टॉवेलांचा ढीग होता. त्या ढिगात एक म्हातारी बाई कुशीवर झोपली होती, गुडघे पोटाशी घेऊन, हातात किल्ली घट्ट धरून. तोंड किंचित उघडं होतं. श्वास चालू होता. शांत, लांब.

थोरली तिच्याजवळ खाली बसली. तिच्या स्वतःच्या श्वासाचा आवाजच जास्त येत होता. तिनं म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवला.

म्हातारीनं डोळे उघडले. आधी टॉवेलांकडे पाहिलं, मग थोरलीकडे. "किती पांढरं आहे," ती म्हणाली. "मला वाटलं, शीड आहे. आपण निघालोय."

"उठा, बाई," थोरली म्हणाली. मग लक्षात आलं, तिला ऐकू येत नाही. तिनं हात पुढे केला.

पाणबुड्यानं भिंतीला टेकून कपाळ पुसलं. "काकू, मी औषधाच्या डब्याचं झाकण अर्धं उघडलं होतं."

"माहितीये मला. कुणाला सांगत बसू नकोस. नाहीतर सांग. सांग, सगळ्यांना सांग."

गणिताच्या बाई लॉकरपाशी उभ्या होत्या. बहिणीला पाहताच त्यांनी आधी तिच्या दंडाला चिमटा काढला, मग तिला जवळ घेतलं. डबीतलं मशीन कानात बसवून दिलं. "ऐकू येतंय?"

"येतंय. ओरडू नकोस."

"ओरडणारच. जन्मभर ओरडत आलेय."

थोरली खिडकीत परत आली तेव्हा फोन फळीवर तसाच चालू होता. धाकटी हलो, हलो करत होती.

"सापडली," थोरलीनं सांगितलं. "झोपली होती. बरी आहे."

धाकटी म्हणाली, "मी विचारायला हवं होतं, ताई. दोन झाल्या तर काय, हे विचारणं माझं काम होतं."

"तू विचारलं होतंस. मी एकच म्हणाले."

"तरी. पहिली किल्ली हातात असताना दुसरी दिली, तर निदान ओरडायला तरी शिकवायला हवं होतं मी त्याला. माझी चूक."

"तुझी अर्धी, माझी अर्धी. भांडायचं घरी जाऊन. चारच्या बॅचला काय करू?"

"आज वही वापरा. संध्याकाळी मी बदलते. पाहुणा हा वेगळा प्रकार काढते, सभासदासारखाच पोहणारा, त्याचं स्वतःचं नाव, स्वतःची किल्ली. आणि लॉकरकडून उलटा बाणही. त्या बाईंचं नाव काय, ताई? आजच्या बॅचमध्ये घालते, नाहीतर त्या आल्याच नव्हत्या असं होईल."

थोरलीनं त्या बाईंना उठवलं होतं, हात धरून चालवलं होतं, त्यांच्या झिजलेल्या चपला त्यांच्या पायांपुढे ठेवल्या होत्या. नाव तिला ठाऊक नव्हतं.

"थांब," ती म्हणाली.

बाहेर दोघी बहिणी फाटकापर्यंत पोहोचल्या होत्या. ऊन डोक्यावर आलं होतं आणि त्यांच्या सावल्या पायांपाशीच गोळा झाल्या होत्या. थोरली मागून गेली. तिनं हाक मारली. मोठी बहीण वळली, कानावर हात नेऊन मशीन नीट केलं.

"बाई, तुमचं नाव राहिलं."

"काय?"

थोरली आणखी दोन पावलं जवळ गेली, त्यांच्या तोंडासमोर उभी राहिली आणि सावकाश म्हणाली, "नाव. तुमचं. लिहून घ्यायचंय."

म्हातारीनं नाव सांगितलं, आडनावासकट. मग थोरलीनं ते पुन्हा म्हणून दाखवलं, आणि म्हातारीनं मान डोलावली. बरोबर होतं.